माळ्यावर पणजोबांची बंदूक सापडली, तर आधी काय करायचं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गावच्या घरी माळा झाडायला काढला जातो. पितळी घंगाळ, मोडका पाळणा, कुणाच्या तरी लग्नातला पेटारा आणि त्यामागे जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांब, जड. उघडून बघावं तर बंदूक. घरातली म्हातारी माणसं सांगतात, "ही पणजोबांची, रानडुकरं राखायला होती." धाकटा पुतण्या ती खांद्याला लावतो, मोठा पुतण्या रील शूट करतो, कुणीतरी चाप ओढून बघतो. दुसऱ्या दिवशी पाटावर ठेवून तिला हळद-कुंकू लागतं आणि निरांजनाने ओवाळलंही जातं.

कोकणात, कोल्हापूर-साताऱ्याच्या डोंगरी पट्ट्यात, जुन्या इनामदार-देशमुखांच्या वाड्यांत हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. कारण या बंदुकीबद्दल दोन प्रश्न आधी सुटायला हवेत. ती भरलेली आहे का? आणि ती घरात ठेवणं कायदेशीर आहे का? "शंभर वर्षांची जुनी आहे, आता काय होणार" हे दोन्ही प्रश्नांचं चुकीचं उत्तर आहे.

जुनी दारू मरत नाही

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एक जुनी तोफ होती. १७८० मध्ये बुडालेल्या 'हुसार' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरची. कित्येक वर्षं ती लोकांसमोर मांडलेली होती, पोरंटोरं तिच्या आसपास खेळली असतील. २०१३ च्या जानेवारीत कर्मचारी तिची साफसफाई करायला बसले तेव्हा आत गोळा, बोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू सापडली. तोफ दोनशेहून जास्त वर्षं भरलेलीच होती. पोलिसांचं बॉम्बपथक बोलवावं लागलं.

यातली 'दारू' म्हणजे काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण, साधारण ७५, १५ आणि १० टक्के. यातला एकही घटक दुधासारखा नासत नाही. ओल लागली तर दारू पेटत नाही, पण वाळली की बरीचशी पूर्ववत होऊ शकते. नळीच्या तळाशी ठासून, वरून बोळा दाबून बसवलेल्या दारूला तर हवाही फारशी लागत नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. तो गोळा तेव्हा जवळपास दीडशे वर्षांचा होता.

आता आपल्याकडची ठासणीची बंदूक घ्या. ती तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. भरायला सोपी, पण रिकामी करायला वैताग. एक तर बार उडवायचा, नाहीतर गजाच्या टोकाला स्क्रू लावून आतला बोळा आणि गोळी ओढून काढायची. रात्री रानडुकरांच्या राखणीला बसलेला माणूस डुक्कर आलं नाही म्हणून पहाटे हा उद्योग करत बसायचा नाही. भरलेली बंदूक तशीच खुंटीला लागायची, दुसऱ्या रात्री परत उपयोगी पडायची. मग कधीतरी तो माणूस आजारी पडला, वारला, बंदूक माळ्यावर गेली. आत बार आहे हे फक्त त्यालाच माहीत होतं.

म्हणूनच जुन्या शस्त्रांवर काम करणारी माणसं एक नियम पाळतात. ठासणीची बंदूक रिकामी असल्याचं सिद्ध होईपर्यंत ती भरलेलीच समजायची. काडतुसाची बंदूक मोडून आत बघता येतं. ठासणीच्या बंदुकीला मागून उघडायला जागाच नसते, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

आणि ते निरांजन?

तोडेदार किंवा चकमकीच्या बंदुकीला नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्याच्या बाहेर छोट्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू टाकायची, ती पेटली की जाळ भोकातून आत जाऊन मुख्य बार उडायचा. या बंदुकीला उडायला चाप लागतोच असं नाही, ठिणगी पुरते. हे लक्षात घेतलं की पूजेच्या पाटावर नळीच्या कुशीत ठेवलेली उदबत्ती आणि मागच्या भोकाजवळून फिरणारं निरांजन वेगळं दिसायला लागतं. शस्त्रपूजा जरूर करावी, पण तपासून न घेतलेल्या बंदुकीजवळ आग नेऊ नये. फूल वाहिलं तरी पूजा होते.

केपाच्या बंदुकीचा धोका निराळा. तिच्या मागे एक छोटी बोंडी असते, त्यावर तांब्याची केप बसते आणि घोडा त्यावर आपटतो. जुन्या केपांमध्ये पाऱ्याचं फल्मिनेट हे अतिशय हळवं स्फोटक असायचं. केप बोंडीवरच राहिली असेल आणि घोडा तिच्यावर टेकलेला असेल, तर बंदूक खुंटीवरून निसटून घोड्यावर पडणं एवढंही पुरेसं होऊ शकतं. बोंडीवर हिरवट-काळपट टोपी चिकटलेली दिसली तर तिला नखाने, सुरीने, पकडीने कशानेही हात लावू नये.

सापडली तेव्हाच्या पहिल्या दहा मिनिटांत

जिथे आहे तिथेच राहू द्यायची. हातात आधीच घेतली असेल, तर नळीचं तोंड माणसांपासून आणि शेजारच्या घरापासून दूर, जाड भिंतीकडे किंवा मातीकडे राहील अशी सावकाश खाली ठेवायची. नळीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, नळीत डोकावायचं तर अजिबात नाही. चाप, घोडा, केप, गज यांपैकी कशाशीही खेळायचं नाही. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढायचं आणि खोलीला कडी लावायची.

सोबत काय काय आहे तेही दुरून बघून घ्यावं. दारूचं शिंग, पत्र्याची डबी, जुनी काडतुसं, छर्‍यांची पिशवी. शिंगातली दारू "बघू पेटते का" म्हणून काडी लावून पाहणाऱ्यांची जमात गावोगावी आहे. बंदुकीच्या आतल्या बारापेक्षा शिंगातली मोकळी दारू जास्त असते, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मग फोन. जवळचं पोलीस ठाणं किंवा ११२. सांगायचं साधं: घरात जुनी बंदूक सापडली आहे, भरलेली आहे का माहीत नाही, आम्ही हात लावलेला नाही. गरज वाटली तर ते बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवतात. बंदूक गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊ नये. एक तर रस्त्यातल्या खड्ड्यांत ती कशी आदळेल याचा भरवसा नाही, आणि दुसरं म्हणजे विनापरवाना शस्त्राची ने-आण हा स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो.

यूट्यूबवर लाकडी काठी नळीत घालून खोली मोजायची युक्ती दाखवतात. काठी जेवढी आत जाते ती लांबी आणि नळीची बाहेरून मोजलेली लांबी यांत बोटभर-दोन बोटांचा फरक आला, तर तळाशी काहीतरी आहे. तत्त्व बरोबर आहे, जाणकार हेच करतात. पण ती काठी घालताना हात नळीच्या तोंडासमोर येतो. केप बसलेली आहे का, घोडा कुठल्या स्थितीत आहे हे ज्याला ओळखता येत नाही त्याने हा प्रयोग करू नये.

कोणत्या काळातली आहे, हे हात न लावता कसं ओळखायचं?

सगळ्यात मोठी खूण मागच्या बाजूला, चापाच्या वर असते.

नळीजवळ सापासारखा वाकडा लोखंडी आकडा दिसतो आणि त्याच्या टोकाला दोरी अडकवायला चीर असते? ही तोडेदार बंदूक. जळता तोडा, म्हणजे सुताची वात, त्या आकड्यात धरायची. भारतात ती सोळाव्या शतकात रुजली आणि युरोपने टाकून दिल्यावरही आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, कारण गावचा लोहार ती दुरुस्त करू शकत होता. लांब नळी, सडपातळ सरळ दस्ता आणि नळी दस्त्याला पट्ट्यांनी बांधलेली हा तिचा देशी घाट. परदेशी संग्रहालयांच्या याद्यांत अशा बंदुकांना 'तोराडार' म्हणतात. तो आपला 'तोडेदार'च आहे.

घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा पकडायला जबडा असेल तर ती चकमकीची. अशा बऱ्याच बंदुका ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींमधून आल्या. कंपनीच्या जुन्या मालावर हृदयाच्या आकाराचा शिक्का असतो, त्यात कंपनीची आद्याक्षरं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याऐवजी पंजात मुकुट धरून उभा राहिलेला सिंह दिसू लागतो.

घोडा हातोडीसारखा भरीव आणि त्याच्या खाली बोंडी, तर ती केपाची. ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने १८०७ मध्ये घेतलं. तांब्याच्या केपा त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी आल्या. १८५७ मध्ये काडतुसांवरून जिचं नाव गाजलं ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच जातीची. शेतीराखणीच्या गावठी ठासणीच्या बंदुका बहुतेक याच घाटाच्या असतात, आणि त्या नंतरही खूप काळ बनत राहिल्या. त्यामुळे 'केपाची आहे म्हणजे दीडशे वर्षांची' हा हिशोब चुकू शकतो. ती आजोबांच्या तरुणपणीही बनलेली असू शकते.

नळी मध्ये मोडून मागून काडतूस घालता येत असेल, तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची. बाहेर दोन घोडे दिसणारी दुनळी त्यातली जुन्या वळणाची. घोडे आत लपवलेल्या पेटीच्या रचनेचं पेटंट बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांचं, १८७५ चं. जुन्या दुनळींच्या नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वेलबुट्टी दिसते. ती नक्षी नसून लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून नळी बनवल्याची खूण आहे. या दमास्कस नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजचं धूरविरहित दारूचं काडतूस घालून उडवलं तर नळी हातातच फाटू शकते, मग परवाना असो वा नसो.

इंग्रजी बंदुकीच्या नळीखाली बारीक शिक्के असतात, ते बनवणाऱ्याच्या नावापेक्षा जास्त खरं बोलतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जास्त दारू भरून तपासायची आणि पास झाली की शिक्का मारायचा अशी पद्धत आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संस्थेला सनद १६३७ मध्ये मिळाली, बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ चं. मुकुटाखाली व्ही, मुकुटाखाली जीपी, फुलीसारखे दोन राजदंड अशा शिक्क्यांवरून शहर आणि काळ बराच जवळ आणता येतो. 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेलं असेल तर ती नळी तोंडाशी आवळलेली, छर्‍यांसाठीची आहे.

आणि अशा तर खूपच भेटतात, ज्यांच्या दस्त्यावर पितळी फुलं, शिंपल्याचे तुकडे, चकचकीत तारकाम असतं. पर्यटकांसाठी बनवलेली शोभेची वस्तू कधी 'पेशवेकालीन' झाली हे घरात कुणालाच आठवत नाही. शिक्क्यातलं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं, स्क्रू आजचे, गंज मात्र सगळीकडे सारखा असं दिसलं की शंका घ्यावी.

शिक्क्यांचे फोटो दुरून झूम करून काढता येतात. तेवढ्यासाठी बंदूक उलटी-पालटी करू नये, आणि साफ तर मुळीच करू नये. सँडपेपर, चिंच, पितांबरी लावून 'चकाचक' केलेल्या बंदुकीवरचे शिक्के पुसले जातात, आणि त्यासोबत तिची ओळखही.

"अँटिक आहे, परवाना लागत नाही"

हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. त्याला थोडा आधार आहे, म्हणूनच ते जास्त धोकादायक आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये काही गोष्टी कायद्यातून वगळल्या आहेत. त्यात कालबाह्य नमुन्याचं, पुरातन मोल असलेलं किंवा नादुरुस्त शस्त्रही येतं. पण पुढे एक अट आहे, आणि लोक वाचायचं तिथेच थांबवतात. ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. म्हणजे नुसतं जुनं असून भागत नाही, आणि आज चालत नाही एवढंही पुरत नाही. गावच्या लोहाराने स्प्रिंग बदलून ती चालू होणार असेल, तर कायद्याच्या नजरेत ती बंदूकच. आणि ठासणीची बंदूक इतकी साधी असते की ती दुरुस्तीपलीकडे जाणं अवघड.

अमेरिकेत १८९९ च्या आधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने 'अँटिक' ठरते. यूट्यूबवरचा बहुतेक सल्ला तिथला असतो. न्यू जर्सीतला भाचा "अगं मावशी, याला लायसन्स लागत नाही" असं सांगतो तेव्हा तो त्याच्या देशापुरतं बोलत असतो. कलम ४५ मध्ये असं कुठलंही साल नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम बदलले. 'क्युरियो' वर्गात येणारी छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला परवान्याशिवाय बाळगता येतील, असं त्यात म्हटलं. पण वापरायला, बरोबर नेायला किंवा एका जागेवरून दुसरीकडे हलवायला परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय तिच्यासाठी दारूगोळा मिळत नाही. आपली वस्तू या वर्गात बसते असं घरच्यांनी ठरवून चालत नाही, त्याचा कागद हवा. परवाना देणारा अधिकारी जिल्ह्यात जिल्हाधिकारी असतो, तर पुणे-मुंबईसारख्या आयुक्तालयात पोलीस आयुक्त.

कागद नसेल तर? विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. हा आकडा वाचून बऱ्याच घरांत पहिला विचार येतो तो 'विहिरीत टाकून देऊ' असा. तसं करू नये. गुन्ह्यासाठी ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे. माळ्यावर काय आहे हे माहीत नसणं आणि माहीत झाल्यावर लपवणं यांत मोठा फरक आहे. सापडल्या दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेतली तर तो कागद आपल्या बाजूने बोलतो. विहिरीतून गाळ काढताना वर आलेली बंदूक मात्र कुणाच्याच बाजूने बोलत नाही. अर्ज देण्याआधी वकिलाशी बोलून घेतलं तर आणखी चांगलं.

दुसरा एक समज म्हणजे "आमच्या घराण्याला पूर्वीपासून मान आहे." कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना खरोखरच अशी सूट आहे. ती ब्रिटिश काळापासून चालत आली आणि केंद्राने २०२९ पर्यंत वाढवली आहे. पण ती अधिसूचनेने दिलेली सूट आहे आणि त्यांनाही सूट-प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वाड्याच्या दिंडी दरवाजावरून आपोआप मिळणारा असा हक्क महाराष्ट्रात नाही.

परवाना होता, पण आजोबा गेले

हे प्रकरण सगळ्यात जास्त घरांत असतं आणि सगळ्यात जास्त रेंगाळतं. बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही. परवानाधारक वारला की घरातल्यांकडे ती बंदूक ठेवायचा अधिकार उरत नाही, आणि विनाकारण उशीर न करता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणजे गेली असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःच्या नावावर परवाना काढला तर ती परत मिळते, किंवा ती परवाना असलेल्या माणसाला विकता येते. मुदत उलटली तर सरकारजमा होऊ शकते. तेराव्याच्या धावपळीत हे कुणाला सुचत नाही आणि मग दोन वर्षांनी नूतनीकरणाची नोटीस वारलेल्या माणसाच्या नावाने येते.

वारसाला अर्ज करताना बाकी वारसांची ना हरकत लागते. तीन भाऊ आणि दोन बहिणी असलेल्या घरात खरी लढाई इथेच होते. म्हणून आजोबा हयात असतानाच सोय करून ठेवणं बरं. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावाने परवान्यासाठी पुढे करू शकतो. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका नकोत ही २०१९ ची मर्यादा वारशालाही लागू आहे. आणि जुनी .३०३ रायफल असेल तर ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते, तिचा परवाना नेहमीच्या वाटेने मिळत नाही.

ठेवायचीच नसेल तर फेसबुक-व्हॉट्सॲपवर 'अँटिक पीस, योग्य किंमत' अशी पोस्ट टाकण्याचा मोह टाळावा. परवाना नसलेल्याला विकणं हा गुन्हा आहे, आणि फोटोतल्या घराच्या पत्त्यावर चोरही लक्ष ठेवून असतात. परदेशातल्या नातेवाइकाला भेट पाठवायची असेल तर आणखी एक कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ऐतिहासिक मोल आहे असं वाटत असेल तर संग्रहालयाला विचारावं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस या ठिकाणी जुन्या शस्त्रांचे चांगले संग्रह आहेत, आणि आपल्या बंदुकीशी मिळताजुळता नमुना काचेमागे बघायला मिळाला तर ओळख पटवायलाही मदत होते. पण वस्तू घेऊन थेट दारात जायचं नाही. आधी पोलिसांकडची नोंद, मग फोटो आणि पत्र.

रिकामी झाली, कागद झाले, घरी आली. पुढे?

आता तिचा शत्रू पावसाळा. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत बंदूक ठेवली की आतल्या आत ओल धरते आणि दोन पावसाळ्यांत नळीवर खड्डे पडतात. लोखंडाला घामाचा हात लागला की बोटांच्या ठशांच्या आकाराचा गंज येतो, म्हणून हातमोजे घालून धरायची. लोखंडी भागावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात पुरतो. लाकडाला तेच तेल लागलं तर ते मऊ पडतं, त्यामुळे तिथे मेणाचं पॉलिश. गंज सुटत नसेल तर सोडून द्यावा, स्थिर गंजाने बंदुकीचं काही बिघडत नाही.

दिवाणखान्यात टांगायची हौस असेल तर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, दोन जाड कड्यांवर आणि कुलपाच्या साखळीत. काडतुसं, केपा, छर्रे त्याच खोलीत नकोत. आणि शेजारी एक चिठ्ठी असावी: कुणी तपासली, कोणत्या तारखेला रिकामी केली, नोंद कुठल्या ठाण्यात आहे.